खापरपणजोबांनी केलेला मुलूख

माझ्या सासऱ्यांइतका थापाड्या माणूस भोकरदन तालुक्यात दुसरा नव्हता. हे मी गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. लग्न होऊन त्या गावात आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सासू आदल्या वर्षीच वारलेली, नवरा दिवसभर रानात आणि घरी आला तरी बोलायला मोजका. त्या घरात मला पहिल्यांदा हसू फुटलं ते सासऱ्यांच्या थापेमुळं. मी त्यांना मामा म्हणायची. आमच्याकडे सासऱ्यांना तसंच म्हणतात.

झालं असं की रानातून येताना पांढऱ्या खड्यांवरून पाय घसरून मी आपटले होते. आमच्या शिवारातला एक उतार असल्या चुनखडीच्या खड्यांनी भरलेला आहे. एवढ्या काळ्या जमिनीत हे पांढरं कुठून आलं, असं मी पदराआडून स्वतःशीच बोलल्यासारखं म्हटलं. मामा ओसरीवर सुतळी वळत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "त्यो आपल्या खापरपणजोबाचा चुना हाय. तंबाखू मळताना त्याची चंची फाटली. तवापसून त्यो उतार पांढरा हाय."

चंची एवढी मोठी होती का, असं मी विचारलं.

"लहानच व्हती. बारा बैलांच्या कातड्याची."

मी पदर तोंडात धरून चुलीकडे पळाले. सासऱ्यासमोर हसायची तेव्हा पद्धत नव्हती. पण मला हसू आलं हे त्यांनी ऐकलं आणि त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

त्या गावात थाप ऐकण्याची एक रीत होती. सांगणाऱ्याला 'हे खरं का' असं कुणी विचारायचं नाही. विचारायचं ते 'किती', एवढंच. किती भाकरी खाल्ल्या, किती दिवस झोपला, किती खोल गेला. आणि थाप पसंत पडली तर ऐकणाऱ्यानं आकडा वाढवून द्यायचा. मामा म्हणाले की खापरपणजोबानं वीस भाकरी खाल्ल्या, तर मारुतीच्या पारावरचा कुणीतरी म्हणायचा, "पंचवीस म्हना तात्या, विसात त्याचं काय व्हतंय." आकडा वाढवून मिळाला की ती थाप गावाची झाली. नाही मिळाला तर मामा ती पुन्हा सांगत नसत. या बाबतीत ते फार मानी होते.

आमच्या भोवतालचा सगळा मुलूख मामांच्या सांगण्यानुसार या खापरपणजोबांनीच केलेला होता. गावाच्या उगवतीला दोन मदारींचा डोंगर आहे. त्यातली एक मदार म्हणजे त्यांच्या बैलाचं वशिंड आणि दुसरी म्हणजे बैलाच्या पाठीवरची ज्वारीची गोणी. बैल एकदा बसला तो उठलाच नाही. डोंगराच्या अंगावर मधोमध तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, ती त्यांच्या पानाची पिंक. शिवारात तीन काळे धोंडे एका ओळीत पडलेत, ते त्यांनी पाखरं हाकायला गोफणीतून मारले होते. नदीच्या खडकात गोल खड्डे आहेत, ती खापरपणजीची उखळं. बाई मुसळ एवढं उंच उचलायची की ढगांना भोकं पडायची, म्हणून आपल्याकडं पाऊस कधी सरळ पडत नाही, असं मामा सांगायचे. पुढे मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात मी वाचलं की ही सगळी जमीन फार पूर्वी तापलेल्या दगडाच्या रसातून झाली. असेल तसंही. मला त्यात काही खोट काढायची नाही, पण त्या पुस्तकात खापरपणजीला जागा नव्हती एवढं खरं.

आता झऱ्याची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं.

डोंगराच्या पायथ्याशी, चुन्याचा उतार संपतो तिथून शंभरेक पावलांवर एक झरा होता. भर उन्हाळ्यातही तो आटत नसे. डोंगराच्या अल्याड आमचं गाव आणि पल्याड माझं माहेर. दोन्ही गावच्या बाया त्याच झऱ्यावर घागरी भरायच्या. माझी आईही यायची, त्यामुळं माहेराची आठवण काढून रडायची वेळ माझ्यावर फारशी आली नाही. या झऱ्याबद्दल मामांची थाप अशी होती की बैल बसला, खापरपणजोबांना तहान लागली. जमिनीत काठी खुपसली तर पाणी निघणार हे त्यांना माहीत होतं. पण आपल्या रानाचं वाटोळं कशाला करायचं, म्हणून त्यांनी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि शेजारच्या गावच्या हद्दीत काठी खुपसली. पारावर या ठिकाणी हमखास हशा पिकायचा. कुणीतरी विचारायचं, हात किती लांब केला? मामा म्हणायचे, वीस हात. लगेच कुणीतरी तीस करून द्यायचा.

माझ्या माहेरीही हीच गोष्ट सांगत. फक्त तिथं ती चिडून सांगत. पलीकडच्या गावचा एक आडदांड आला आणि आपल्या रानात काठी खुपसून गेला, असं.

निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. जहागिऱ्याही गेल्या होत्या. माझं माहेर जहागिरीचं गाव होतं, सासर सरकारी. जहागीरदाराच्या काळात झरा कुणाचा हे कुणी विचारलं नव्हतं. आता मोजणीदार साखळी घेऊन आला आणि त्यानं विचारलं. त्याच्याजवळचा जुना उर्दू कागद डोंगरापाशी नेमका फाटलेला होता आणि शिवेचा मधला दगड जागेवर नव्हता. झरा आमच्या हद्दीत की माहेरच्या, हे सांगणार कोण? आमचं गाव म्हणालं, आमचा. माहेर म्हणालं, आमचा. मोजणीदारानं दोन्ही गावांतल्या म्हाताऱ्यांना बोलावलं, तर दोन्हीकडून त्याला खापरपणजोबा ऐकायला मिळाले. त्यानं दौत बंद केली आणि म्हणाला, "काका लोक, हे सरकारी कागदावर बसत नाही."

तेव्हा माझ्या वडिलांनी जुनी रीत काढली. शिवेचं भांडण मिटत नसेल तर एका माणसानं डोक्यावर शिवेची माती घेऊन, अनवाणी, शीव चालून दाखवायची. तो चालेल ती शीव. माती डोक्यावर असताना खोटं पाऊल टाकलं तर त्याच्या घराण्यात पुढं दिवा लावायला कुणी उरत नाही, असं दोन्ही गावं मानत. माहेरचा सगळ्यांत जुना माणूस आंधळा झालेला होता. वडील म्हणाले, "तुमचाच माणूस चालू द्या. आम्ही मानू." आपल्या लेकीच्या सासऱ्याबद्दल ते बोलत होते हे सगळ्यांना कळत होतं.

आमच्या गावाला याहून काय हवं होतं? त्या दिवशी दुपारी गावातली चार जाणती माणसं आमच्या ओसरीवर येऊन बसली. जन्मभर एवढं सफाईनं खोटं बोललेला माणूस आपल्याकडं आहे, मग भ्यायचं कशाला, असा त्यांचा हिशेब. माझ्या नवऱ्याचाही तोच हिशेब होता. मी आत पीठ चाळत होते. सगळं ऐकू येत होतं.

"तात्या, तीन धोंड्यांपसून निघायचं. चुन्याच्या उतारानं खाली यायचं आन् झऱ्याच्या पल्याडून वळायचं."

"बराबर," मामा म्हणाले.

"पल्याडून. अल्याडून न्हाई. मंग झरा आपल्यात येतो."

"बिलकुल बराबर."

माणसं खूश होऊन गेली. 'मी तसाच चालीन' असं मामांनी एकदाही म्हटलं नव्हतं, हे माझ्याही तेव्हा ध्यानात आलं नाही.

मला तेव्हा पाचवा महिना होता. घराण्यात पुढं दिवा लावणारा जो कोण असणार तो माझ्या पोटात होता. तरी खरं सांगायचं तर मला त्या शपथेची भीती वाटत नव्हती. मला नदीच्या चढाची भीती वाटत होती. झरा गेला असता तर पाणी नदीवरून आणावं लागणार होतं, पाऊण कोस, आणि येताना भरली घागर घेऊन चढ. मामांनी खोटं बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. त्याबद्दल देवाजवळ मागणंही मागितलं. कुठल्या देवानं असलं मागणं ऐकलं असतं कोण जाणे.

सकाळी मामांनी माझ्याकडून एक पाटी मागून घेतली. तळाला निंबाचा पाला घालायला लावला. निघताना ते माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तू उभी राहू नको उन्हात." एवढंच.

पण मी गेले. सगळ्याच बाया घागरी घेऊन गेल्या होत्या. झऱ्याच्या या बाजूला आम्ही, त्या बाजूला माहेरच्या बाया, त्यांत माझी आई. वरच्या अंगाला तीन धोंड्यांपाशी माती भरून पाटी मामांच्या डोक्यावर ठेवली गेली. मग ते चालू लागले. मागून मोजणीदार, साखळीवाले आणि दोन्ही गावची माणसं. कुणी बोलायचं नाही असं ठरलेलं. पांढऱ्या उतारावरून मामा हळूहळू खाली आले. माझ्यासारखे ते तिथं घसरले नाहीत. उतार संपला तिथं ते थांबले. दोन्ही हातांनी पाटी नीट केली. समोर झरा होता, उजवीकडं पल्याडची वाट, डावीकडं अल्याडची.

मामा डावीकडं वळले.

मागून एकजण मोठ्यानं खाकरला. मामा थांबले नाहीत. आमच्या अगदी समोरून, झरा पलीकडं ठेवून, ते तरवडाच्या एका झुडपापर्यंत गेले आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरून म्हणाले, "हितं खांदा. माह्या बापाच्या वक्ताला दगड पडला व्हता. म्या पाह्यला."

खांदलं. हातभर खोल गेल्यावर शिवेचा जुना दगड लागला, एका कुशीवर पडलेला. मोजणीदारानं दौत उघडली. झरा माहेरच्या हद्दीत गेला. मी आईकडं पाहिलं. ती हसली नाही, तिनं नुसती मान खाली घातली आणि घागर पाण्यात बुडवली.

घरी आल्यावर माझा नवरा मामांना म्हणाला, "आख्खी जिंदगी खोटं बोलले. गावाला एक दिस पाह्यजे व्हतं, तवाच खरं सुचलं." हे बोलून तो जो गप्प झाला तो चार-पाच वर्षं बापाशी बोललाच नाही. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन. मधे मी. "त्यांना जेवायला सांग." "त्याला म्हनावं बैलाच्या खुरात काटा हाय." दोन हातांवर बसलेल्या माणसांचे निरोप मी इकडून तिकडं पोचवायची. कधीकधी मला दोघांच्याही ताटात मीठ जास्त घालावंसं वाटायचं, आणि एकदोनदा मी घातलंही.

गावानं मला वेगळंच धरलं. माहेरच्या पाण्यासाठी हिनं सासऱ्याला फितवलं, असं पाण्याच्या वाटेवर बाया बोलायच्या, मला ऐकू येईल अशा बेतानं. झरा राहावा म्हणून मी देवाजवळ खोटं मागितलं होतं आणि तो घालवल्याचंच बालंट माझ्यावर आलं. मी कुणाला काही सांगितलं नाही. कोण ऐकणार होतं?

मामांनी थापा बंद केल्या. पारावर ते जायचे, पण पोरं जवळ आली तर कुणीतरी मोठं माणूस म्हणायचं, "त्यांना कायला इचारता? ते आता खरं बोलून राह्यले." मामा उठून घरी यायचे. एकदा मी त्यांना ताक देताना धीर करून विचारलं की मामा, एवढ्या थापा मारल्या, मग त्या दिवशी एक का नाही मारली? त्यांनी ताक पिऊन घेतलं आणि म्हणाले, "ती थाप झाली आसती का? थाप ऐकनाऱ्याला ठावं असतंय का ही थाप हाय. त्या मोजणीदाराला कुठं ठावं व्हतं?" पोटातल्या पोराबद्दल ते काही बोलले नाहीत. मला मात्र नेहमी वाटत आलं की पाटी नीट करताना त्यांच्या डोक्यात तेच होतं. मुलगा तोवर रांगायला लागला होता.

पहिली दोन वर्षं माहेरच्यांनी पाण्याला आडकाठी केली नाही. मग एक उन्हाळा वाईट आला, झरा बारीक झाला आणि त्यांनी भोवती काट्यांची कुपाटी घातली. वडील मला निरोप देऊन गेले की तू आमची लेक आहेस, तुझी घागर आम्ही भरून देऊ, बाकीच्यांचं आम्हाला सांगू नको. मी गेले नाही. सगळ्या गावाच्या बाया नदीचा चढ चढत असताना एकटीनं भरली घागर घेऊन मी वेशीतून कशी येणार होते? वडिलांचा मला राग आला आणि तो पुष्कळ दिवस राहिला.

त्याच उन्हाळ्यात आमच्या बांधाला विहीर खांदायचं ठरलं. जागा माझ्या नवऱ्यानं दिली. मुरूम होता तोवर काम सरसर झालं, मग काळा दगड लागला. सुरुंग लावणारे वडार आणले. दोन उन्हाळे गेले. नवरा रोज संध्याकाळी दगडाच्या धुळीनं भरून यायचा आणि हात एवढे सोललेले असायचे की भाकरी मोडता यायची नाही. मामा जेवताना त्याच्या हातांकडं बघत बसायचे. सात परस खोल, म्हणजे एकावर एक सात माणसं उभी राहतील एवढं खाली गेल्यावर, पाणी लागलं. ते गोड निघालं. नदीवर जाणं सुटलं, बायांची माझ्याबद्दलची बडबडही सुटली. बापलेकांचं मात्र सुटलं नाही. विहिरीतून निघालेल्या दगडमुरमाचा मोठा ढीग काठाशी पडून राहिला, तो हलवायची कुणाच्या अंगात ताकद उरली नव्हती. त्यावर घाणेरीची झुडपं आली.

मुलगा चार-पाच वर्षांचा झाला तेव्हाची गोष्ट. कांद्याला पाणी चाललं होतं. नवरा विहिरीवर मोट हाकत होता, मी दारं धरून वाफ्यावाफ्यात पाणी वळवत होते. मामा ढिगाच्या सावलीला बसले होते आणि मुलगा ढिगावर चढउतर करत होता. ढीग तो जन्मल्यावरच तिथं वाढला होता, पण हे काही त्याला माहीत नव्हतं. त्यानं वरून विचारलं, "आबा, ह्यो डोंगर कुनी केला? खापरपणजोबानं?"

खापरपणजोबांची नावनिशाणी त्याला पारावरच्या पोरांकडून कळली असणार. घरात तो विषय कुणी काढत नव्हतं. मामांनी जमिनीवर हात टेकला. मला वाटलं उठून जातील.

"न्हाई," ते म्हणाले. "ह्यो त्याचा न्हाई. ह्यो म्या केला."

"कसा?"

"म्या येकदा खरं बोललो व्हतो. येकदाच. सवय न्हवती, तोंडातून निसटलं आन् हितं पडलं. ते इतकं जड निघालं का जमीन खाली खचली. ती ही हीर. आन् खचलेली माती बाजूला वर आली. त्यो ह्यो डोंगर."

मुलगा खाली उतरून विहिरीच्या काठाशी गेला. मी त्याचा हात धरला. त्यानं वाकून आत पाहिलं आणि रीत कुणी शिकवली नसताना विचारलं, "किती खचली?"

"पन्नास परस," मामा म्हणाले.

मोटेचे बैल धावेच्या उतारावर थांबले होते. माझा नवरा नाड्याचा दोर धरून उभा होता, आमच्याकडं पाठ करून.

"सात परस हाय," तो म्हणाला. "म्या खांदली."

त्याचं बोलणं कुणाला उद्देशून आहे ते मला समजेना. मामांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. जमिनीकडं बघत ते म्हणाले, "ऐकनारं लहान हाय. पन्नास राहू दे."

नवऱ्यानं बैलांच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातांवर दगडाचे वण अजून होते. त्यानं वळून ढिगाकडं पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि मग बापाकडं.

"साठ म्हना, तात्या," तो म्हणाला. "पन्नासात एवढा दगड निघत न्हाई."

बैल पुढं चालले, मोट वर आली, पाणी पाटात पडलं. मी वाफ्याकडं गेले, कारण डोळे पुसताना मला कुणी पाहायला नको होतं. त्या संध्याकाळी 'त्यांना जेवायला सांग' असं मला कुणी म्हटलं नाही.